केंद्र सरकारची नोकरकपात: पदं कमी झाली, पण कोणती?

आवकजावक

आठव्या वेतन आयोगाची बातमी आल्यापासून कुठल्याही लग्नात, मुंजीत गेलं की एकच विषय. सरकारी माणसं फार झालीत, निम्मी घरी बसवा. मी केंद्र सरकारच्या मुंबईतल्या एका कार्यालयात आस्थापना शाखेत चौतीस वर्षं काढली. कार्यालयाचं नाव देत नाही. कनिष्ठ लिपिक म्हणून लागलो, अधीक्षक म्हणून बाहेर पडलो. मंजूर पदं, भरलेली पदं, रिक्त पदं हे तीन रकाने दरवर्षी भरणं हे माझं काम. म्हणून कपात कशी होते हे मी टेबलाच्या या बाजूने पाहिलेलं आहे, ते लिहितो.

पाचव्या वेतन आयोगाने (न्या. रत्नवेल पांडियन) १९९७ च्या जानेवारीत अहवाल दिला. त्यात पगारवाढीसोबत एक अट सुचवली होती. दहा वर्षांत मनुष्यबळ ३० टक्क्यांनी कमी करा आणि रिकामी पडलेली साडेतीन लाख पदं रद्द करा. सरकारने पगारवाढ दिली, संघटनांशी बोलणी होऊन आयोगाने सांगितली त्याहून जास्तच दिली. कपातीचं प्रकरण मागे राहिलं. वर १९९८ च्या मे महिन्यात निवृत्तीचं वय ५८ वरून ६० केलं. म्हणजे जी माणसं आपसूक कमी होणार होती तीही दोन वर्षं खुर्चीवरच राहिली.

मग २००१ च्या अर्थसंकल्पात यशवंत सिन्हांनी साधा हिशोब मांडला. दरवर्षी साधारण ३ टक्के लोक निवृत्त होतात. आपण १ टक्काच नवे घेऊ. वर्षाला २ टक्के घट, पाच वर्षांत १० टक्के. १६ मे २००१ ला कार्मिक विभागाचं परिपत्रक निघालं. थेट भरतीच्या तीन रिक्त जागांपैकी एकच भरायची, उरलेल्या दोन रद्द.

कागदावर हे फार माणुसकीचं दिसतं. कुणाला काढायचं नाही, कुणाच्या पोटावर पाय नाही. माझ्या टेबलावर ते कसं उतरलं ते सांगतो.

आमच्याकडे एक गेस्टेटनर ऑपरेटर होते. नव्या मुलांना माहीत नसेल, मेणकागदाच्या स्टेन्सिलवर टंकलेखन करायचं, ती स्टेन्सिल यंत्राच्या रुळावर चढवायची आणि हँडल फिरवून प्रती काढायच्या. शाईचा वास भिंतीत मुरलेला असे. फोटोकॉपी यंत्र आलं तेव्हा या गृहस्थांचं काम संपलं. माणूस सज्जन, वय एक्केचाळीस. म्हणजे निवृत्तीला १९ वर्षं. त्यांच्या पदाला हात लागणं शक्य नव्हतं, कारण ते पद रिकामं नव्हतं.

त्याच वर्षी तीन माणसं निवृत्त झाली. जावक लिपिक, एक सफाईवाला, एक लेखा लिपिक. तीनपैकी एकच पद भरायला परवानगी. आम्ही लेखा लिपिकाचं मागितलं, कारण पगारबिलं थांबून चालत नाही. जावक लिपिकाचं पद गेलं. रोजची सव्वाशे-दीडशे पत्रं मात्र होती तेवढीच राहिली. सफाईवाल्याचं पद गेलं, जिने मात्र तेच चार.

म्हणजे कपात कुठे झाली? ज्याचं वय भरलं त्याच्या खुर्चीत. त्या खुर्चीत काम आहे की नाही हे परिपत्रकाच्या कुठल्याच रकान्यात विचारलेलं नव्हतं. पाच वर्षांसाठी आलेली ही पद्धत २००९ च्या मार्चपर्यंत चालली.

मी कपातीच्या विरुद्ध नाही. माझं म्हणणं इतकंच आहे की आधी काम मोजा, मग पद मोजा. हे आपल्याकडे जवळजवळ कधीच झालं नाही, आणि त्याचे भोग खालच्या पायरीवरची माणसं आणि सामान्य जनता भोगते आहे. तुमचे अनुभव लिहा.

कऱ्हाकाठ

धागा चांगला आहे, पण दुसरी बाजू मांडतो. मी व्यवसायाने सीए आहे, पुण्यात. पगार आणि निवृत्तिवेतन हा सरकारचा बांधील खर्च आहे. कर कमी जमला म्हणून तो कमी करता येत नाही. उद्योगात काम संपलं की पद संपतं. सरकारात काम संपलं तरी माणूस १९ वर्षं बसतो, हे तुम्हीच लिहिलंत. मग त्या ऑपरेटरला नियम ५६(ञ) खाली घरी का पाठवलं नाही? पन्नाशी-पंचावन्नला आढावा घेऊन सक्तीने निवृत्त करायची तरतूद आहे ना?

आवकजावक

कऱ्हाकाठ, प्रश्न रास्त आहे. पण ५६(ञ) हे अकार्यक्षम किंवा सचोटी संशयास्पद असलेल्या माणसासाठी आहे. ज्याचं यंत्र कालबाह्य झालं तो अकार्यक्षम कसा? त्याच्यासाठी वेगळी वाट होती. त्याला 'अतिरिक्त' ठरवायचं, त्याचं नाव सरप्लस सेलकडे पाठवायचं, दुसऱ्या कार्यालयात सामावून घ्यायचं किंवा स्वेच्छानिवृत्ती द्यायची. पण अतिरिक्त ठरवायचं म्हणजे कार्यालयप्रमुखाने लेखी कबूल करायचं की माझ्याकडे एक माणूस जास्त आहे. माझ्या चौतीस वर्षांत असं लिहून देणारा एकही प्रमुख मी पाहिला नाही. हाताखालची माणसं कमी झाली की उद्या त्याच्या स्वतःच्या पदाचा दर्जा तपासला जाणार, ही भीती.

तापीपार

आवकजावक काका, तुमचा धागा वाचून वडिलांची आठवण झाली. ते रेल्वेत कीमन होते, म्हणजे रोज रूळ तपासत चालणारे, खानदेशात. त्यांच्या सोबत लहानपणी एकदा अख्खी बीट, म्हणजे त्यांच्या वाट्याचा रुळांचा टप्पा, चाललोय. खांद्यावर पाना आणि हातोडा, पिशवीत लाल-हिरवी झेंडी आणि धोक्याचे फटाके. एका रुळाकडे बघत जायचं, दुसऱ्याकडे बघत यायचं. सैल क्लिप दिसली की थांबून ठोकायची. मी विचारलं, 'अप्पा, कीमन म्हणजे चावीवाला, मग चावी कुठंय?' तर म्हणाले की पूर्वी रूळ पट्ट्यावर धरून ठेवायला लोखंडी चाव्या ठोकत, त्या आता गेल्या, पँड्रोल क्लिपा आल्या. नाव तेवढं राहिलं.

आता मुद्द्याचं. रेल्वेत १९९०-९१ ला सुमारे साडेसोळा लाख माणसं होती. २०२१-२२ ला बारा लाखांच्या आसपास. याच काळात वर्षाची मालवाहतूक सुमारे ३२ कोटी टनांवरून १४१ कोटी टनांवर गेली. म्हणजे माणसं पाऊण आणि माल चौपटीहून जास्त. त्यामुळे कपात म्हणजे वाईटच असं मी म्हणणार नाही. वाफेची इंजिनं गेली तशी कोळसा मारणारे फायरमन गेले, ते बरोबरच होतं. वडिलांच्या ऐन तारुण्यात गँगमधली माणसं रांगेत उभी राहून बीटरने खडी पॅक करायची. ते काम टॅम्पिंग मशीन रात्रीच्या ब्लॉकमध्ये कितीतरी पट वेगाने करतं. तिथली माणसं कमी झाली तर कुणी रडू नये.

पण कीमनचं चालणं? रूळ लांबले, गाड्या वाढल्या, वेग वाढला. ते चालणं कुठल्या यंत्राने कमी केलं? टॅम्पिंगवाल्या माणसाचं पद आणि चालणाऱ्या माणसाचं पद तक्त्यावर एकाच नावाचं. दोन्ही ट्रॅकमेंटेनर. दिल्लीतल्या तक्त्यात दोघांत फरक दिसतच नाही.

आवकजावक

तापीपार, तुम्ही नेमकं बोट ठेवलंत. रेल्वेत निदान वर्कस्टडी (काम मोजून माणसं ठरवणं) नावाची चीज तरी आहे, नवी पदं मागताना तेवढ्याच किमतीची जुनी पदं सरेंडर करावी लागतात. आमच्याकडे तेही नव्हतं.

सुनिती९८

मी स्टाफ सिलेक्शन आणि रेल्वे दोन्हीची तयारी करते. पुण्यात अभ्यासिकेत रोज बारा तास. आमच्या इथे सगळ्यांना तोंडपाठ असलेले आकडे देते. १ मार्च २०२१ ला केंद्राची मंजूर पदं ४०.३५ लाख, प्रत्यक्षात माणसं ३०.५५ लाख, रिक्त ९.७९ लाख. एकट्या रेल्वेत २.९३ लाख रिक्त. हे संसदेत दिलेलं उत्तर आहे. त्यानंतर जून २०२२ मध्ये पंतप्रधानांनी दीड वर्षात दहा लाख भरती जाहीर केली, २२ ऑक्टोबरला पहिला रोजगार मेळा झाला.

आणि दुसरीकडे रेल्वेच्या २०१९ च्या एनटीपीसी (बिगर-तांत्रिक पदांच्या) भरतीत ३५,२८१ जागांना सव्वा कोटीच्या घरात अर्ज आले होते. मला खरंच विचारायचं आहे, एवढी पदं रिकामी ठेवून सरकार चालत असेल तर ती पदं लागतात का? आणि लागत असतील तर एवढी वर्षं ते काम कोण करतंय?

आवकजावक

सुनिती, सगळ्या धाग्यात हा प्रश्न मला सगळ्यात मोलाचा वाटतो.

काम तीन ठिकाणी जातं. काही काम होतच नाही. काही शेजारच्या टेबलावर जातं आणि तिथे साचतं. बाकीचं कंत्राटदाराकडे जातं. आमच्या सफाईवाल्याचं पद रद्द झाल्यावर वर्षभरात सफाईचं कंत्राट निघालं. तोच जिना, तोच झाडू. कंत्राटदाराने आणलेली बाई तिथेच सतरा वर्षं झाडत होती. पगाराच्या लेखाशीर्षातून खर्च उठला आणि कार्यालयीन खर्चाच्या शीर्षात जाऊन बसला. आमच्या तक्त्यात एक माणूस कमी झाला, दिल्लीला कपात दिसली. ती बाई कुठल्याच तक्त्यात नव्हती.

सर्वोच्च न्यायालयाने २००६ च्या उमादेवी खटल्यात सांगितलं की मागच्या दाराने लागलेल्यांना कायम करण्याचा हक्क नाही. सरकारी वकील तोच निकाल वर्षानुवर्षं पुढे करत आले. डिसेंबर २०२४ मध्ये जग्गो खटल्यात, केंद्रीय जल आयोगात वर्षानुवर्षं सफाई आणि बागकाम करणाऱ्यांच्या बाबतीत, न्यायालयाने सरकारला सुनावलं की कायम स्वरूपाचं काम घेऊन माणसाला कायम तात्पुरतं ठेवता येणार नाही आणि त्यांना नियमित करा. तो निकाल मी दोनदा वाचला. आमच्या जिन्यावरची बाई डोळ्यापुढून हलत नव्हती.

पोटोमॅक

मेरीलँडहून. इथलं थोडं सांगतो, तुलनेला उपयोगी पडेल. क्लिंटनच्या काळात उपाध्यक्ष अल गोर यांच्याकडे सरकारची फेररचना सोपवली होती. १९९४ च्या कायद्याने २,७२,९०० पदं कमी करायचं ठरलं आणि सोडून जाणाऱ्याला २५,००० डॉलरपर्यंत रक्कम देऊ केली. संख्या खरोखर घटली. पण पैसे घेऊन कोण गेलं? ज्याला बाहेर काम मिळणार होतं तो, आणि निवृत्तीच्या उंबरठ्यावरचा जाणता माणूस. आणि पुष्कळ काम कंत्राटी कंपन्यांकडे गेलं.

२०२५ मध्ये तर घाईच झाली. २८ जानेवारीला लाखो कर्मचाऱ्यांना एकच ईमेल आली, आत्ता राजीनामा द्या आणि सप्टेंबरपर्यंत पगार घ्या. पहिल्या फेरीत सुमारे ७५ हजारांनी होकार दिला. मग परिविक्षाधीन, म्हणजे नव्याने लागलेले काढले, कारण त्यांना काढणं नियमात सोपं. त्यात अण्वस्त्रांची देखभाल बघणाऱ्या संस्थेतले लोकही निघाले आणि काही दिवसांत त्यांना परत बोलावण्याची धावपळ झाली. आवकजावक म्हणतात ते इथेही तंतोतंत लागू आहे. ज्याला हात लावणं सोपं त्याला लावला.

कऱ्हाकाठ

पोटोमॅक, धन्यवाद. तरी एक विचारतो. अमेरिकेत केंद्रीय कर्मचारी आपल्यापेक्षा जास्त की कमी? आपल्याकडे 'फार झालेत' हे गृहीतच धरलं जातं, मीही धरतो.

पोटोमॅक

लोकसंख्येच्या मानाने खूप जास्त. सातव्या वेतन आयोगाच्या अहवालातच तुलना आहे. एक लाख लोकांमागे भारतात १३९ केंद्रीय कर्मचारी, अमेरिकेत ६६८. मात्र आपल्या आकड्यात रेल्वे आणि टपाल धरलेले नाहीत.

कऱ्हाकाठ

हे मला माहीत नव्हतं. 'फार' हा शब्द मागे घेतो. 'चुकीच्या जागी' हा शब्द ठेवतो. पण मग चांगलं उदाहरणही द्यायला हवं. पासपोर्ट. पूर्वी वरळीला पहाटेपासून रांग लागायची. पासपोर्ट सेवा प्रकल्पात काम तोडून वाटलं. अ काउंटरवर कागद घेणं, फोटो आणि ठसे हे टीसीएसची माणसं करतात. ब ला पडताळणी आणि क ला मंजुरी, तिथे सरकारी अधिकारीच. सार्वभौम काम सरकारकडे, बाकीचं बाहेर. म्हणजे काम मोजलं तर जमतं.

आवकजावक

शंभर टक्के सहमत. तिथे आधी प्रवाह आखला, मग माणसं बसवली. याच्या शेजारी सहाव्या आयोगाचा एमटीएसचा निर्णय ठेवा. न्या. श्रीकृष्ण आयोगाने गट ड संपवला आणि शिपाई, दफ्तरी, जमादार, फराश, चौकीदार, माळी, सफाईवाला आणि आमचे गेस्टेटनर ऑपरेटर, सगळ्यांना मल्टी टास्किंग स्टाफ या एका नावाखाली आणलं. कल्पना उत्तम होती. एकाच माणसाने फाइल न्यावी, फोटोकॉपी काढावी, डाक द्यावी. पण कुणाकडे काय काम आहे हे पुन्हा न बसवता नुसती पाटी बदलली, तिथे माळी माळीच राहिला.

अबोली

मी तळकोकणातली. बाबा बीएसएनएलमध्ये केबल जोडणीचं काम करायचे. ऑक्टोबर २०१९ मध्ये स्वेच्छानिवृत्ती योजना आली. पन्नास पूर्ण झालेल्यांना. झालेल्या प्रत्येक वर्षामागे ३५ दिवसांचा पगार आणि उरलेल्या प्रत्येक वर्षामागे २५ दिवसांचा. बाबांनी विजेच्या बिलाच्या पाठीवर हिशोब मांडला, आईने तो पुन्हा मांडला, मग माझ्याकडे आला. माझं शेवटचं वर्ष चालू होतं. तीन रात्री घरात दुसरं बोलणं नव्हतं.

बाबांनी अर्ज भरला. एकट्या बीएसएनएलमधून ७८,५६९ जणांनी भरला, एमटीएनएलमधून चौदा हजारांवर. ३१ जानेवारी २०२० ला सगळे एकाच दिवशी बाहेर. उत्पन्नातले ७५ टक्के पगारावर जात होते, त्यामुळे काहीतरी करणं भाग होतं हे बाबाही मानतात. त्यांची तक्रार नाही.

पण त्या महिन्यात मी त्यांना एक गोष्ट करताना पाहिलं. शाळेच्या दोनशे पानी वहीत ते रोज रात्री नकाशे काढत बसायचे. कुठल्या वळणावर केबलला जोड आहे, कुठल्या वडाखाली दोन हातांवर, कुठल्या मोरीत पाणी भरतं, कुठे रस्ता रुंद झाल्यावर वळवली. सत्तावीस वर्षांचं डोक्यातलं. शेवटच्या दिवशी ती वही त्यांनी नव्याने येणाऱ्या मुलांच्या हातात दिली. त्यांना कुणी मागितली नव्हती.

तापीपार

अबोलीताई, अंगावर काटा आला.

गोदाकाठी

नाशिककर म्हणून एक भर घालतो. आमच्या गांधीनगरला भारत सरकारचं मुद्रणालय आहे (नोटांचं नव्हे, ते नाशिकरोडला). सप्टेंबर २०१७ मध्ये मंत्रिमंडळाने ठरवलं की देशभरातल्या १७ सरकारी छापखान्यांचे ५ करायचे. दिल्लीत तीन, एक कोलकात्याला आणि एक आमचं नाशिक. जुन्या जागा मोकळ्या करून त्यातून आधुनिकीकरणाचा पैसा उभा करायचा. आणि निर्णयातच लिहिलं की एकाही कर्मचाऱ्याला काढायचं नाही.

माझ्या मते असं करायला हरकत नाही. छपाई कमी झाली हे उघड सत्य. कुठली केंद्रं ठेवायची हे आधी ठरवलं, मग माणसं हलवली. हलवणं सोपं नसतं, मुलांच्या शाळा असतात, म्हाताऱ्या आया असतात. पण निदान कुठल्या कामाचं काय करायचं हा निर्णय कुणीतरी घेतला. आपोआप रिकामं होण्याची वाट पाहत बसले नाहीत.

वैनगंगा

टपाल खात्यातल्या ग्रामीण डाक सेवकांबद्दल कुणीच बोललं नाही. अडीच लाखांच्या आसपास आहेत. सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये सांगितलंय की ते नागरी पद धारण करतात, पण नियमित सेवेत ते नाहीत. मंजूर पदांच्या मोठ्या आकड्यांवर वाद घालताना ही माणसं बाहेरच राहतात. आमच्या गावात मनीऑर्डर, पेन्शन, आधारला मोबाईल जोडणं, सगळं एकच बाई करते. तिचं कार्यालय म्हणजे तिच्याच घराची ओसरी. केंद्र सरकार आमच्या गावात दिसतं ते फक्त तिच्या रूपात.

सुनिती९८

काका, एक राहिलं. थेट भरतीच तीनात एक असेल तर अनुकंपाचं काय होत होतं? आमच्या अभ्यासिकेत एक मुलगा अनुकंपाच्या यादीत आहे.

आवकजावक

हे मी मुद्दाम धाग्यात लिहिलं नव्हतं, सुनिती. विचारलंस म्हणून लिहितो.

अनुकंपा नेमणूक थेट भरतीच्या जागांच्या ५ टक्क्यांत बसवायची असते. वर्षाला भरायची परवानगी एका पदाची. एकाचे पाच टक्के किती होतात? आमच्या एका शिपायाचं २००० साली सेवेत असताना निधन झालं. त्यांची बायको तीन वर्षं दर दोन-तीन महिन्यांनी यायची. धाकटा मुलगा सोबत, अकरा वर्षांचा. मी चहा मागवायचो आणि तेच सांगायचो, जागा नाही. तिला वाटायचं मी काहीतरी लपवतोय, कारण समोर रिकाम्या खुर्च्या दिसत होत्या. रिकामी खुर्ची आणि जागा यांत काय फरक आहे हे तिला समजावणं मला कधी जमलं नाही. २००३ मध्ये परिपत्रक आलं की तीन वर्षांपर्यंतच विचार करायचा. तिची नस्ती बंद करण्याची टिपणी माझ्याच हाताची आहे.

ती तीन वर्षांची अट जुलै २०१२ मध्ये काढून टाकली. त्या आठवड्यात मी अभिलेख कक्षातून तिची नस्ती काढली आणि जुन्या पत्त्यावर पत्र घातलं.

अबोली

उत्तर आलं का?

आवकजावक

महिन्याभराने तो मुलगाच आला. तेवीस वर्षांचा झाला होता. एका दूध संघाच्या संकलन केंद्रावर कायम झाला होता, लग्न ठरलं होतं. अर्ज नको म्हणाला. त्याने वडिलांच्या मृत्यूच्या दाखल्याची मूळ प्रत मागितली, ती नस्तीतच राहून गेली होती. पोच घेऊन दिली.